न विचारता येणाऱ्या अक्का

वरच्या घरात आता नवे भाडेकरू आले आहेत. नवरा-बायको दोघंही नोकरीवाले, एक लहान मुलगी. माणसं फार चांगली. कधी येत नाहीत, कधी काही मागत नाहीत, जिन्यात गाठ पडली तर हसतात. परवा त्यांना पाण्याच्या मोटारीच्या पेटीची किल्ली हवी होती, तर बायकोने वरून खाली फोन केला. मीही फोनवरच सांगितलं, दाराबाहेर अडकवून ठेवते, घेऊन जा. दोघींनी एकमेकींचे आभार मानले. किल्ली अडकवली, दार लावलं आणि मग वह्या तपासायला बसले, पण वह्यांत लक्ष लागेना. अक्का आठवत राहिल्या.

अक्का म्हणजे शेवंता कोळेकर. विजापूर रोडवरच्या आमच्या या दुमजली घरात खाली आम्ही आणि वर त्या. मूळच्या मंगळवेढ्याच्या पलीकडच्या. माहेरी शेरडं-मेंढरं आणि पाऊस पडला तर ज्वारी. वडिलांनी मेंढरांमागे फिरत फिरत या एका मुलीला नर्सचं शिक्षण दिलं, आणि तिने पुढे तीस वर्षं सरकारी नोकरीत खेडोपाडी लसी टोचल्या, बाळंतपणं केली. नवरा एसटीत कंडक्टर होता, तो लवकर गेला. मुलगा प्रकाश एकुलता एक. शिकला, हुशार निघाला आणि जर्मनीला गेला.

अक्कांना दार वाजवायची सवय नव्हती. नोकरीच अशी होती की कुणी या म्हणायची वाट बघत बसलं तर पोराचा डोस चुकणार. त्यामुळे त्या सरळ आत यायच्या, सरळ स्वयंपाकघरात. आल्या आल्या पातेल्यावरचं झाकण उचलायचं, नाक जवळ न्यायचं आणि निकाल द्यायचा. "फोडणी जळालीया की गं." खुर्ची दिली तरी फरशीवरच बसायच्या, भिंतीला पाठ लावून, आणि समोर जी काही भाजी असेल ती निवडायला घ्यायच्या. भर दुपारी कुणाच्या घराचं दार लावलेलं दिसलं तर त्यांना वाटायचं आत कोणीतरी आजारी पडलंय. मग हाक मारून, खिडकीतून डोकावून, खात्री करूनच पुढे जायच्या.

खरं सांगायचं तर मला त्याचा कंटाळा यायचा. मी मुलींच्या शाळेत शिकवते. दिवसभर साठ-साठ मुलींसमोर घसा फोडून साडेपाचला घरी आल्यावर मला अर्धा तास कोणाचं तोंड बघायचं नसतं. नेमक्या तेव्हाच अक्का यायच्या. मी चहाचं आधण टाकताना मनातल्या मनात चरफडायची, आणि तोंडाने म्हणायची, "या की अक्का." त्यांना ते कळत नसेल असं मला तेव्हा वाटायचं.

पण माझ्या सासूबाई गेल्या त्या दिवसाबद्दल मी कधीही चरफडले नाही. आमच्याकडे घरात माणूस गेलं की त्या दिवशी त्या घरातली चूल पेटवत नाहीत. माती झाल्यावर सगळे परत येतात तेव्हा शेजारपाजारचे पिठलं-भाकरी घेऊन येतात. त्याला कडू घास म्हणतात. दुःखाच्या घरातल्यांनी तो घास खायचा असतो. भूक कुणालाच नसते, पण आणणाऱ्याने समोर बसून खायला लावायचं असतं. आम्ही स्मशानातून परतलो तर अक्का दारात हजर, टोपलीत तीसेक भाकऱ्या आणि पातेलंभर पिठलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी मागितलं नव्हतं. आमच्या यांच्यासमोर त्या मांडी घालून बसल्या आणि औषध पाजावं तसा एकेक घास बघत राहिल्या. "अजून एक. येकच. आई बघतीया." यांनी खाल्लं, आणि खाता खाता पहिल्यांदा रडले. कॉलनीत असं एक घर नसेल जिथे अक्कांचा कडू घास पोचला नाही.

प्रकाशला मुलगा झाला तेव्हा अक्का जर्मनीला गेल्या. सहा महिन्यांसाठी म्हणून गेलेल्या, पाच वर्षं राहिल्या. परत आल्या त्या उन्हाळ्यात आमच्याकडे पाणी पाच दिवसांआड येत होतं. पाणी आलं की आम्ही दोघी अंगणात पिंपं भरत बसायचो, आणि तेव्हा त्यांनी तिकडच्या गोष्टी सांगितल्या. तक्रारीचा सूर नव्हता. नर्स रोग्याची लक्षणं सांगते तसं सांगायच्या.

"कचऱ्याची चार डबडी," त्या म्हणायच्या. "आन चुकीच्या डबड्यात टाकलं की जिन्यात चिठ्ठी. तोंडानं कोन बोलत न्हाय. चिठ्ठी."

संध्याकाळी तिथे थंड जेवण. पाव, चीज, काकडी. रस्त्यावर गाडी नाही, माणूस नाही, तरी लाल दिव्याला लोक उभे राहतात. अक्काही उभ्या राहायला लागल्या. "आधी हसू याचं. मंग नातू संगं असायचा, त्येच्या म्होरं कसं चुकायचं? मंग सवयच पडली." बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईला त्यांनी पहिल्याच आठवड्यात, अर्थात खाणाखुणांनी, मुलं किती असं विचारलं. ती बाई पुढच्या थांब्याला उठून दुसऱ्या सीटवर बसली. अक्कांना वाटलं, बिचारीला मूल नसेल, आपण दुखवलं.

तिथे पहिल्या आठ महिन्यांत घरी एकही माणूस आलं नाही. प्रकाश आणि सून कामावर, नातू पाळणाघरात, अक्का घरात एकट्या. एका रविवारी सगळे बाहेर गेले असताना त्यांनी बॅगेच्या तळातला लोखंडी खलबत्ता काढला आणि शेंगाची चटणी कुटायला घेतली. फरशीवर बसून, अगदी जोरात. दहा मिनिटांत दार वाजलं. खालच्या मजल्यावरची म्हातारी, हिल्डा. सत्तरीच्या पुढची, एकटी राहणारी. ती घड्याळाकडे बोट दाखवत होती, भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवत होती, काहीतरी हळू आवाजात सांगत होती.

"मला काय ती भाषा येत न्हाय. मला वाटलं, बया, एवढ्या दिसांनी कोनतरी आलं. हात धरला आन आत घितली. बसवली. भाकरी हुती, चटणी वाढली, वर तेल घातलं."

हिल्डा बसली. खाल्लं. डोळ्यांतून पाणी आलं तिच्या, तिखटाने, तरी खाल्लं. जाताना अक्कांनी कागदात चटणी बांधून दिली. संध्याकाळी प्रकाश आल्यावर त्याला जिन्यात सगळं कळलं आणि त्याने कपाळाला हात लावला. "आई, ती तक्रार करायला आली होती. रविवारी इथे आवाज करायचा नसतो. कायदा आहे."

"मंग चटणी घिऊन का गेली?" अक्का म्हणाल्या.

चार दिवसांनी हिल्डाची चिठ्ठी आली. गुरुवारी, साडेतीन वाजता, कॉफीला. तो गुरुवार होता तीन आठवड्यांनंतरचा. अक्कांना हे काही केल्या पटेना. "तीन आठवड्यांनी मला च्या प्यावासा वाटंल का न्हाय, आज कसं सांगू? आन खाली तर राहती. तेरा पायऱ्या. हाक मारली तर ऐकू येती." पण गेल्या. साडेतीनला दोन मिनिटं कमी असताना तेराव्या पायरीवर उभ्या राहिल्या आणि घड्याळ बघून दार वाजवलं. पुढे दर महिन्याचा एक गुरुवार ठरला. दोघी समोरासमोर बसायच्या, केक खायच्या, फोटो दाखवायच्या. भाषा नव्हती, पण अक्कांना त्या बाईचा गुडघा कुठला दुखतो ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. हिल्डा मात्र त्या चटणीच्या रविवारनंतर आपणहून वर कधीच आली नाही.

मग एका मंगळवारी गावाकडून फोन आला. अक्कांचे थोरले भाऊ गेले. वडिलांमागे मेंढरं त्यांनी सांभाळली होती आणि अक्कांच्या शिक्षणासाठी स्वतःची शाळा सोडली होती. विमानाने निघालं तरी मातीला पोचणं शक्य नव्हतं. प्रकाशने आईला जवळ घेतलं, मग त्याची मीटिंग होती. सून चांगली आहे, तिने चहा केला, मग मुलाला आणायची वेळ झाली. अक्का खिडकीपाशी बसून राहिल्या. हिल्डाला प्रकाशने जिन्यात सांगितलं होतं, हे त्यांना माहीत होतं.

"मला वाटलं, यील ती. कायबी न आनता यील. नुसती बसंल."

आली नाही. दुसऱ्या दिवशी टपालपेटीत काळ्या काठाचं पाकीट सापडलं. आत हिल्डाच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं कार्ड. प्रकाशने वाचून दाखवलं: तुमच्या दुःखात मी सहभागी आहे, तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून येत नाही. तिकडे हीच रीत, यात तिचं काही चुकलं नव्हतं. अक्कांनाही ते कळत होतं.

"पन त्या मंगळवारी सातला पोरगं भुकेनं रडाया लागलं, आन मीच उठली. कुकर लावला. ज्या दिवशी माजा भाऊ गेला, त्या दिवशी माज्या हातानं जाळ केला गं." एवढं बोलून त्यांनी भरत आलेल्या पिंपातला पाइप दुसऱ्या पिंपात टाकला. "तवाच ठरवलं. आता हितं न्हाय मरायचं."

म्हणून त्या परत आल्या. आम्हाला कॉलनीत वाटलं होतं की सुनेशी पटलं नसेल. तसं काहीच नव्हतं. बाईला फक्त अशा ठिकाणी म्हातारं व्हायचं होतं, जिथे लोक न विचारता येतात.

आणि इथे आम्ही काय केलं, ते सांगायला मला जड जातं.

अक्का बदलून आल्या होत्या, हे खरं. भाजीवाल्याचे आभार मानायच्या, आणि तो मागे वळून बघायचा. समोरच्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत गप्प बसायच्या, आणि सोलापुरात कुणाचंच बोलणं पूर्ण होत नसल्यामुळे त्यांना बोलायची पाळीच मिळायची नाही. दुपारी दोन ते चार मिक्सर लावायच्या नाहीत, खाली आवाज जातो म्हणून. प्रकाशने काळजीपोटी त्यांच्या दाराला कॅमेऱ्याची बेल बसवली. दारात कोण आलं ते त्याला तिकडे मोबाइलवर दिसायचं. त्याची कॉलनीत एवढी चर्चा झाली की बायका वर जायच्या आधी पदर नीट करायला लागल्या, आणि मग जायच्याच बंद झाल्या. कुणीतरी म्हणालं, त्यांना आता तिकडची सवय, उगाच त्रास कशाला द्या. कुणीतरी म्हणालं, फोन करून गेलेलं बरं. हे सगळं आदराने चाललं होतं, बरं का. एकजणही वाईट बोलत नव्हती.

एकदा साडेपाचला मी नुकती घरी आले होते. दाराबाहेर चाहूल लागली. बघते तर अक्का उंबऱ्याच्या अलीकडे उभ्या.

"सवड हाय का?" त्यांनी विचारलं.

"अहो, तुम्ही कधीपासून विचारायला लागलात?" मी हसले.

त्याही हसल्या. "तितं पाच वर्सं इचारलं, त्वांडाला बसलं." पाच मिनिटं बसल्या, खुर्चीवर. पातेल्याचं झाकण उचललं नाही. त्यांना वाटत होतं आता मी म्हणेन, आत या, खाली बसा, ही मेथी निवडा. मी म्हटलं नाही. त्या गेल्यावर मी पाय पसरून टीव्ही लावला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. तेव्हापासून मीही वर जायच्या आधी फोन करायला लागले. "अक्का, येऊ का?" दरवेळी तिकडून एकच उत्तर. "ये की, इचारतीस काय?" दर पंधरवड्याचा फोन मग महिन्यावर गेला.

गेल्या वर्षी जानेवारीत अकलूजला त्यांची बहीण वारली. सकाळी शाळेत निघताना मला जिन्यात कुलूप लावणाऱ्या अक्का भेटल्या. "बहिनीच्या मातीला चालले," एवढंच म्हणाल्या आणि एसटी स्टँडकडे जायला रिक्षात बसल्या. दिवसभर हे माझ्या डोक्यात नव्हतं असं नाही. स्टाफरूममध्ये मी म्हटलंही, आज जाताना बेसन घेऊन जायला हवं. पण त्या दिवशी स्नेहसंमेलनाची तालीम होती, एका मुलीला चक्कर आली, तिच्या घरचे येईपर्यंत थांबावं लागलं. घरी आले तेव्हा सात वाजले होते आणि टाचा ठणकत होत्या. खिडकीतून मला दिसलं, अक्का परतल्या होत्या. जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी चढत होत्या. मधे थांबल्या. मी खिडकीतून मागे सरकले.

"पिठलं टाकतेस ना?" यांनी विचारलं.

मी म्हटलं, आधी विचारते. आणि मोबाइल घेतला. मेसेज केला: अक्का, वाईट वाटलं. काही हवंय का? येऊ का?

निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर यायला थोडा वेळ लागला. अक्का चष्मा शोधून एकेक अक्षर दाबायच्या. "राहू दे. तू दमली आसशील."

आमच्याकडे राहू दे म्हणजे काय असतं, हे मला कुणी शिकवायला नको होतं. जेवायला बसलेला पाहुणा पुरे म्हणतो तेव्हा आपण वाढतोच. मला सगळं कळत होतं, आणि तरी मी ते दोन शब्द खरे मानले, कारण मला ते सोयीचे होते. मी यांना म्हटलं, त्या नको म्हणतायत, त्यांना एकटीलाच बरं वाटतं हल्ली. मग आमच्यापुरती खिचडी टाकली.

आठच्या सुमाराला वरून कुकरची शिट्टी ऐकू आली. एक. मग दुसरी. हे ताटावरून मान वर करून माझ्याकडे बघत होते. तिसऱ्या शिट्टीला त्यांनी ताट बाजूला सारलं. तेव्हाही उठून वर जाता आलं असतं. मला लाज वाटली, आणि लाजेने माणूस बसूनच राहतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पिठलं-भाकरी घेऊन वर गेले, बेल न वाजवता. दार उघडंच होतं. अक्कांनी ताट घेतलं, "बस की" म्हणाल्या, माझ्यासमोर भाकरीचा तुकडा मोडून खाल्ला. मला चहा दिला. बहिणीचं सांगितलं, शेवटी ती बोलत नव्हती पण हात धरून होती वगैरे. कालच्या संध्याकाळबद्दल एक अक्षर नाही. मला वाटलं, निभावलं.

महिन्याभराने कळलं, त्या जर्मनीला परत चालल्या, आणि आता कायमच्या. मी तशीच वर गेले. त्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या.

"अक्का, माझं चुकलं त्या दिवशी," मी म्हटलं. मला रडू येत होतं.

"तुजं काय चुकलं? नोकरी करतीस, घर करतीस. मला काय दिसत न्हाय?" त्या घड्या घालतच राहिल्या. "तुला आदीपासून वैताग यायचा मी आले की. म्हाईत हुतं मला. तरी येत हुते. आता तेवढं धाडस न्हाय ऱ्हायलं."

मी खाली बसून त्यांच्या हातातल्या साडीचं दुसरं टोक धरलं.

घडी घालता घालता त्या म्हणाल्या, "तितं कोन यीत न्हाय, हे ठरलेलं असतंय. मी आपली जेवती आन झोपती. हितं त्या सांजंला मी न्हाणीतला नळसुद्दा बंद करून बसलेली. पायरी वाजली तर ऐकू यावी म्हनून." साडीची घडी बॅगेत दाबून बसवली. "साठी उलटली की वाट बघनं सोसत न्हाय गं. हिल्डाचं गुरुवारचं बरं हाय. गुरुवार म्हंजी गुरुवार."

त्या निघाल्या त्या दिवशी मी शाळेत रजा टाकली. पहाटेची गाडी ठरवलेली, पुण्याला जाऊन तिथून विमान. खरं म्हणजे कॉलनीतले सगळेच आले होते. निरोपाला आम्ही कधी कमी पडत नाही. कुणी दह्याचा चमचा, कुणी कडक भाकरीची चळत, कुणी चटणीचं पाकीट. अक्कांनी प्रत्येकीचं बोलणं पुरं ऐकून घेतलं. गाडीत मागच्या सीटवर बसल्या, ड्रायव्हरने सांगायच्या आत त्यांनी पट्टा लावला. मी खिडकीत वाकले. जे सगळे विचारतात तेच मीही विचारलं.

"आता कधी येणार, अक्का?"

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवला.

"ठरलं की फोन करीन," त्या म्हणाल्या. "तुला सवड हाय का इचारीन, आन मंग यीन."

त्यात टोमणा नव्हता. माझी सोय बघूनच त्या बोलत होत्या. गाडी विजापूर रोडला लागेपर्यंत त्यांचा पांढरा अंबाडा मागच्या काचेतून दिसत होता. त्यांनी वळून पाहिलं नाही.